शेषरावांची काच आणि साहेबांचा पडदा

शेषरावांना कुठलाही आकडा सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठून मोजलं?"

अनसिंग चार किलोमीटर राहिलं म्हटलं, की "कुठून मोजलं? एसटी स्टँडापासून का गावापासून?" ताप एकशे दोन आहे म्हटलं, की "काखेत मोजला का तोंडात?" आमच्या प्लांटच्या एका हमालानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, की त्याच्या विहिरीत वीस हात पाणी आहे. शेषराव म्हणाले, "तळापासून वर वीस हात, का काठापासून खाली वीस हात?" तो हमाल दोन दिवसांची रजा टाकून विहीर पाहायला गेला, आणि परत आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

त्यांच्या गावी, किन्हीराजाला, त्यांच्या पुतणीला पाहायला पाहुणे आले. मुलाचा मामा बोलका होता. म्हणाला, मुलगा पाच फूट नऊ इंच आहे. शेषराव बैठकीतून उठले आणि मुलाला नम्रपणे म्हणाले, "जावईबापू, जरा जोडे काढता का?" मुलानं जोडे काढले. पाहणारे सांगतात, की मुलगा एक वीतभर खाली आला. मी तिथं नव्हतो, त्यामुळे अर्धी वीत धरून चालू. सगळ्यांना वाटलं, सोयरीक मोडली. शेषरावांनी तिथंच सुपारी फोडायला लावली. म्हणाले, "उंची पोराची हाये, आकडा मामाचा. पोरगं काही खोटं बोललं नाही."

मी वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे. आरोप करणाऱ्यांना शेषराव भेटलेले नव्हते. त्यांच्या बाबतीत लोकांचा विश्वास बसावा म्हणून मला उलट कमी करून सांगावं लागतं.

वाशीमबाहेर आमचा सोयाबीनचं तेल काढायचा प्लांट. मी तिथं स्टोअरकीपर. नटबोल्ट, ग्रीस, पॅकिंग आणि बॉयलरच्या काचा माझ्या ताब्यात. शेषराव बॉयलर अटेंडंट. अंगानं असे बारीक, की पंखा सुरू असताना त्यांनी खिशात नटबोल्ट आवळायचे दोन लोखंडी पाने ठेवले नसते तर ते छताला जाऊन चिकटले असते. भुवया दोनदा जळून तिसऱ्यांदा उगवलेल्या, त्यामुळे त्या डोळ्यांपेक्षा तरुण दिसायच्या. खांद्यावर दुपट्टा, पायात टायरच्या तळव्याचे जोडे. तीस वर्षं त्यांनी बॉयलर चालवला आणि तीस वर्षांत एकाच गोष्टीकडे पाहिलं: काचेकडे.

ज्यांनी बॉयलर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली भट्टी, तिच्यात आमच्याकडे सोयाबीनचा भुसा जळतो. भट्टीवर नळ्यांचं जंगल. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, एक आडवं, म्हशीसारखं पसरलेलं लोखंडी पिंप. त्याला म्हणायचं ड्रम. ड्रममध्ये पाणी अर्ध्यावर राहिलं पाहिजे. वर चढलं तर वाफेबरोबर पाणी पुढं जातं आणि यंत्रं फोडतं. खाली उतरलं तर नळ्या कोरड्या पडतात, लाल होतात, आणि मग जे होतं ते सांगायला शक्यतो कुणी उरत नाही. ड्रमच्या बाजूला एक वीत-सव्वा वीत लांबीची जाड काच बसवलेली असते. पिंपात पाणी जिथवर, काचेत पाणी तिथवर. या काचेवर साठ माणसांचे जीव टांगलेले, पण साठातल्या पन्नासांनी ती कधी पाहिलेली नव्हती.

शेषराव पाळी सुरू झाली की आधी बावन्न पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून वर जायचे आणि काच झाडायचे. काच झाडणं म्हणजे खालची तोटी उघडून काचेतलं पाणी सोडून द्यायचं, तोटी बंद करायची आणि पाणी परत कसं येतं ते पाहायचं. शेषरावांच्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' व्हायचा, म्हणून त्यांची नळी 'नयी' आणि जाळ 'जाय'.

"उड्या मारत आलं पायजे," ते सांगायचे. "बकरीच्या पिल्लावानी. रेंगायत आलं, तर समजाचं नयी तुंबली. आन आल्यावर हाललं पायजे. हालते ते पानी खरं. थिजल्यावानी उभं राह्यलं, तर ते पानी नाही, फोटो हाये."

एकदा तेल विभागानं न सांगता वाफेचा मोठा व्हॉल्व्ह उघडला. काचेतलं पाणी सरसर वर चढायला लागलं. आमचे मॅनेजर देशकरसाहेब नेमके काही पाहुण्यांना घेऊन वर आले होते. ते ओरडले, "पाणी वाढतंय! पंप बंद करा!" शेषरावांनी पंप बंद केला नाही. उलट थोडा वाढवला. साहेबांचा चेहरा भट्टीपेक्षा लाल झाला.

"शेषराव, मी काय म्हणतोय?"

"ते पानी नाही, साहेब. फुगवटा हाये. दुधाखाली जाय वाढवला तर दूध वर येते, म्हून काय दूध वाढते? आत्ता पाहा, बसते."

दोन मिनिटांत पाणी खाली बसलं, आणि चांगलंच खाली बसलं. पंप बंद केला असता तर काय झालं असतं हे पाहुण्यांपैकी एकाला समजलं असावं. तो शिडी उतरला तो थेट गाडीत जाऊन बसला. देशकरसाहेब माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांना पाहुण्यांसमोर चूक ठरायला आवडत नसे, आणि ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली.

मग आला पडदा.

शेठनी ठरवलं, की बॉयलर आपोआप चालला पाहिजे. पुण्याहून पेंडसे नावाचा इंजिनिअर आला. कोवळा, गोरा, दर दोन तासांनी हात धुणारा. त्यानं ड्रमला एक यंत्र बसवलं. ड्रमच्या वरच्या आणि खालच्या भोकातून नळ्या घेऊन ते पाण्याचा दाब मोजणार, त्यावरून उंची काढणार, आणि खाली पॅनेल रूममध्ये पडद्यावर आकडा दाखवणार. तो आकडा पाहून पंप आपलाआपण कमी-जास्त होणार. पाणी फारच कमी झालं तर भुसा आणि भट्टीचे पंखे आपोआप बंद. वर चढायचं कामच संपलं. पॅनेल रूममध्ये खुर्ची आली, कूलर आला. दिनकर नावाचा अनसिंगचा ऑपरेटर त्या खुर्चीत पहिल्यांदा बसला तेव्हा त्यानं घरी फोटो पाठवला.

दिवाळी झाली होती. बॉयलर वर्षाच्या साफसफाईनंतर थंड, पाणी भरून तयार. गेटबाहेर सोयाबीनचे ट्रक इतके लागले होते, की शेवटच्या ट्रकचा ड्रायव्हर हिंगोली जिल्ह्यात उभा होता. दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटवायचा. फक्त एक गोष्ट ठरायची राहिली होती. पेंडसेनं मीटिंगमध्ये ती विचारली: पडद्यावर पाण्याची उंची कोणत्या मापात दाखवायची?

"टक्के," देशकरसाहेब लगेच म्हणाले. "शून्य ते शंभर. दहावीच्या पोरालाही समजतं."

"कायचे टक्के?" शेषराव म्हणाले. ते दाराशी उभे होते. तेलकट कपड्यांनी खुर्चीवर बसायचे नाहीत.

"कायचे म्हणजे? पाण्याचे."

"टक्का कशाचा तरी असते ना, साहेब. काचेचा का ड्रमचा का या यंत्राचा? शून्य कुठं हाये? कुठून मोजलं?"

पेंडसेनं कौतुकानं मान डोलावली आणि फळ्यावर चित्र काढलं. यंत्राच्या दोन नळ्यांमधलं अंतर साठ सेंटिमीटर. खालची नळी शून्य, वरची शंभर, मधोमध पन्नास. पन्नासावर पाणी ठेवायचं. तीसला भोंगा वाजेल. वीसला बॉयलर बंद होईल.

शेषराव फळ्याजवळ आले. मग दोन बोटांनी हवेत काहीतरी मोजलं.

"काच तीस सेंटिमीटरचीच हाये," ते म्हणाले.

"हो. ती मध्यावर आहे."

"मंग माही काच तुमच्या पंचवीसवर संपते."

मला काही कळलं नव्हतं, पण कळल्यासारखा चेहरा मी केला. स्टोअरच्या माणसाला ती सवय असते.

"पाहा, पेंडसेसाहेब. तुमचा पडदा म्हनते पंचवीस टक्के हाये. ते ऐकून मानूस म्हनीन, हाये अजून पावभर टाकी. दिनकरच्या घरच्या टाकीत पंचवीस टक्के राह्यलं तर दोघाइच्या आंघोया होतात. आन वर काचेत टिपूस नाही! आन तुमचा बॉयलर बंद होते वीसवर. म्हंजे काच रिकामी झाल्यावर अजून दीड बोट खाली गेल्यावर. तवर मी काय पाहाचं?"

"पडदा पाहायचा," देशकरसाहेब म्हणाले.

"आन पडदा खोटा बोलला तर?"

"शेषराव, पडदा खोटं बोलत नाही."

"जोडे घातलेला मानूसही खोटं बोलत नाही, साहेब. मोजाची जागा खोटी असते."

मग त्यांनी आपलं माप सांगितलं. काचेचा मध्य तो शून्य. त्याच्यावर अधिक, त्याच्याखाली उणे. मिलिमीटरमध्ये. काच जितकी, पडद्यावरची पट्टीही तितकीच: वर दीडशे, खाली दीडशे. उणे साठला भोंगा, उणे शंभरला बंद, म्हणजे बॉयलर बंद पडेल तेव्हाही काचेत अडीच बोटं पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे.

पेंडसे म्हणाला, "पण काका, मग यंत्राचं अर्धं माप वाया जाईल. काचेच्या बाहेरचंही ते दाखवू शकतं."

"काचेच्या बाहेरचं पानी मले दाखवून काय करता? तिथं पानी गेलं तर पाहाचं नसते बाप्पा, विझवाचं असते."

देशकरसाहेबांना मात्र वेगळीच काळजी होती. "उणे पाणी? पाणी उणे असतं का? उद्या शेठ आले आणि त्यांना पडद्यावर उणे वीस दिसलं, तर मी काय सांगू?"

"सांगा, मध्याच्या खाली एक बोट हाये."

"शेठना बोटं सांगू?"

हशा झाला. शेषरावही हसले. पण साहेबांनी वहीत 'टक्के' लिहिलं आणि वही मिटली. मीटिंग संपली.

शेषराव तिथून सरळ बॉयलर हाऊसमध्ये गेले. भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये लावलेलं असायचं. कायदा असा, की सर्टिफिकेटवाला माणूस असल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही. आमच्याकडे दुसरा सर्टिफिकेटवाला होता, तो दोन महिन्यांपूर्वी बुलढाण्याकडं निघून गेला होता. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार त्या फ्रेमवर वाळून लटकत होता. शेषरावांनी हार काढून खिळ्याला अडकवला, फ्रेम उतरवली, दुपट्ट्यात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

ही बातमी सोयाबीनच्या धुळीपेक्षा लवकर पसरली. देशकरसाहेब धावत आले. ते धावताना मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

"हे काय चाललंय?"

"घेऊन चाललो, साहेब. हे माह्या नावचं हाये. याच्याखाली बॉयलर चालते, तं याच्याखाली खोटं माप नाही चालनार."

"बाहेर ट्रक उभे आहेत, शेषराव. तुमची दोन वर्षं राहिलीत. नीट घरी जायचंय की नाही? मी परवापर्यंत दुसरा माणूस आणू शकतो."

"आना ना. मी कुठं नाही म्हन्तो? फक्त त्याले पह्यले वर नेऊन काचेपुढं उभं करा. मंग सही घ्या."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. पण मी जवळ उभा होतो. पिशवीचा बंद ते हाताभोवती गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. घरी दोन एकर कोरडवाहू, धाकटा मुलगा शिकत होता. दोन वर्षं राहिलेल्या माणसाला दुसरा कोण घेणार? त्यांना सगळं माहीत होतं. ते एसटीनं निघून गेले.

संध्याकाळभर पॅनेल रूममध्ये पेंडसे एकटाच फळ्यासमोर बसला होता. मला वाटलं, पोरगं घाबरलं. घाबरलंच होतं, पण बरोबर गोष्टीला घाबरलं होतं. सकाळी तो स्वतः गाडी घेऊन किन्हीराजाला गेला आणि शेषरावांना घेऊन आला. साहेबांना म्हणाला, "सर, निर्णय तुमचाच. फक्त पेटवण्याआधी एकदा थंड पाण्यावर पाहून घेऊ. तासाभराचं काम आहे."

साहेबांना पडद्यासमोर दिनकरच्या खुर्चीत बसवलं. दिनकर शेजारी उभा. शेषराव खाली पाणी सोडायच्या व्हॉल्व्हवर. आणि पेंडसे स्वतः बावन्न पायऱ्या चढून काचेपुढं. थंड पाणी जड असतं, तापलेलं हलकं, म्हणून त्यानं आधीच यंत्राला थंड पाण्याचा हिशेब लावून दिला होता. कुणी नंतर फाटा फोडू नये, म्हणून.

शेषरावांनी व्हॉल्व्ह उघडला. पाणी उतरायला लागलं.

"पन्नास!" दिनकर खिडकीतून ओरडला.

"मधोमध!" वरून पेंडसे.

"चाळीस!"

"पाच बोटं... नाही, साडेचार बोटं आहे अजून!" पेंडसेनं कधी बोटांत मोजायला सुरुवात केली हे त्यालाही कळलं नाही.

"तीस!" भोंगा वाजला. साहेबांनी समाधानानं मान हलवली.

"दीड बोट!"

"अठ्ठावीस!"

"एक बोट... कमी!"

"पंचवीस!"

वरून आवाज नाही.

"पंचवीस!" दिनकर पुन्हा ओरडला.

"काच रिकामी," पेंडसे म्हणाला. तो ओरडला नाही, साधं म्हणाला. पंखे बंद होते, म्हणून ऐकू आलं.

साहेब पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर निळी पट्टी होती, चांगली जाडजूड, पाव भरलेली. त्यांनी ती पाहिली, मग खिडकीतून वर पाहिलं. शेषरावांनी व्हॉल्व्ह बंद केला नाही. पाणी उतरतच राहिलं. चोवीस. तेवीस. बावीस. साहेबांच्या कपाळावरचा घाम मात्र चढत होता, टक्क्यांत सांगायचं तर शंभर. वीसला कुठे बॉयलर बंद पडल्याचा दिवा लागला.

साहेब खुर्चीतून उठले. बाहेर आले. शेषरावांसमोर उभे राहिले.

"शेठ उणे पाणी पाहून काही बोलले तर तुम्ही समजावून सांगायचं," ते म्हणाले. "मी नाही सांगणार."

शेषरावांनी फ्रेम पुन्हा भिंतीवर लावली. हार नव्हता लावला, तो साहेबांनी लावला. हे मी वाढवून सांगत नाही.

इथं गोष्ट संपली असती तर शेषराव माझ्या लेखी फक्त हुशार ठरले असते. ते मोठे ठरले पुढच्या आठवड्यात, आणि तेही त्यांच्या चुकीमुळे.

बॉयलर पेटला. तापल्यावर त्यांनी तापलेल्या पाण्याचा हिशेब लावून पेंडसेला सगळा खेळ पुन्हा करायला लावला. पडदा आणि काच सख्ख्या भावांसारखे एका आकड्यावर आले. पेंडसे पुण्याला गेला. आणि एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला दिनकर चहा पिऊन खुर्चीत येऊन बसला, समोर पाहिलं, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत: शून्य.

चार दिवसांत अधिक पाच, उणे सात, अधिक तीन असंच काहीबाही दिसायचं. नेमकं शून्य कधी आलं नव्हतं. दिनकर खुर्चीतून उडाला. जन्मभर शून्य म्हणजे संपलं एवढंच त्याला ठाऊक. त्यानं लाल बटण दाबलं, आणि "पानी संपलं! पया!" अशी आरोळी ठोकली. दिनकरचा आवाज म्हणजे वाशीमच्या बाजारात ओरडला तर मंगरूळपीरच्या दर्ग्याजवळची कबुतरं उडतात. अख्खा प्लांट पळाला. तेल विभाग तुरीच्या शेतात. हिशेबनीस एका ट्रकखाली. आमचा वॉचमन गेटवरून पळाला तो वाशीमच्या स्टेशनावर सापडला, आणि तिथं तो म्हणे तिकिटाच्या रांगेत उभा होता. मी पळालो नाही. माझ्या पायात ग्रीसचा डबा आला होता.

एकटे शेषराव उलट्या दिशेनं गेले. शिडी चढून वर. काच पाहिली. पाणी बरोब्बर मध्यावर, छान थरथरत होतं.

देशकरसाहेबांना ही संधी होती. खरं सांगायचं, तर आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता शेषरावांचं शून्य त्यांच्याच डोक्यावर आदळणार. साहेब आलेही तसेच. "हे तुमचं माप! तीन तास प्लांट बंद!"

दिनकर मान खाली घालून उभा. शेषराव त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"त्याची चुकी नाही, साहेब. माही हाये. मी पट्टी बदलून घेतली, पन मानसं नाही बदलली. मले तीस वर्सं काच दिसते, म्हून मले शून्य मंधात दिसते. यानं काच कुठं पाह्यली?" मग दिनकरकडे वळून, "अबे, तू बटन दाबलं ते बरोबर केलं. शंका आली की दाबाचं. फक्त ओरडाचं जरा कमी. साहेबाचा हिशेबनीस ट्रकखालून निंगून नाही राह्यला."

साहेब हसले. हसायचं नव्हतं त्यांना, पण हसले.

दुसऱ्या दिवसापासून शेषरावांनी प्लांटमधल्या एकेका माणसाला वर नेलं. शिडी चढवायची, काचेपुढं उभं करायचं, आणि काचेच्या मध्यावर बोट ठेवायला लावायचं. काच तापलेली, म्हणून बोटाला दुपट्टा गुंडाळून. तेवढ्यात खालून दिनकर ओरडायचा, "शून्य!" मग शेषराव विचारायचे, "दिसलं का शून्य?" दिसलं म्हटल्याशिवाय खाली सोडायचे नाहीत. तेल विभाग झाला, हमाल झाले, कॅन्टीनच्या मावशी झाल्या, वॉचमन दोनदा झाला. मलाही नेलं. बावन्न पायऱ्यांपैकी शेवटच्या बारा मी डोळे मिटून चढलो, आणि वर गेल्यावर पहिल्यांदा पाहिलं, की ज्या काचांची पाकिटं मी पंधरा वर्षं मोजून देत होतो, त्यांच्यात इतकं साधं, इतकं स्वच्छ पाणी असतं. देशकरसाहेबही परत चढले, या वेळी पाहुण्यांशिवाय. शेवटी चढले, पण चढले.

आणि एक रीत पडली. पाळी बदलताना एकजण वर काचेपाशी, एक खाली पडद्यापाशी. वरचा काचेवरून माप सांगणार, मिलिमीटरमध्ये; शेषरावांनी काचेच्या कडेला रंगानं खुणाच केल्या होत्या. खालचा पडद्यावरचा आकडा सांगणार. दोन्ही जुळले तरच पाळी घ्यायची. नाही जुळले तर जुनी पाळी घरी जायची नाही, मग तिच्यातल्या माणसांच्या बायका गेटवर येऊन बसल्या तरी. बहुतेक वेळा वर मंगरूळपीरचा अफसर नावाचा पोरगा असायचा, सडपातळ, शिडी चढताना माकडाला लाजवणारा. आणि खाली दिनकर. त्या दोघांच्या आवाजानं आमच्या प्लांटची पाळी बदलते, हे आजूबाजूच्या शेतांतल्या बैलांनाही समजायला लागलं. पेंडसेचा नंतर कधीकधी फोन यायचा, दुसऱ्या कुठल्या प्लांटवरून. म्हणायचा, "काका, इथं आल्यावर आधी मी वर चढलो."

दोन वर्षं गेली. तेवढ्यात दिनकरनंही बॉयलरचं सर्टिफिकेट मिळवलं. शेषराव निवृत्त झाले तो दिवस मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी जिलेबी होती.

कॅन्टीनमध्ये दुपारी निरोपाचं जेवण. शेषराव पहिल्यांदा इस्त्रीच्या शर्टात. शर्ट इतका कडक होता, की ते बसले तरी तो उभाच होता. शाल, नारळ झाला. देशकरसाहेब भाषणाला उभे राहिले. "शेषरावांनी मला एक गोष्ट शिकवली," असं त्यांनी म्हटलं, आणि तेवढ्यात दिवे गेले.

दिवे आमच्याकडे जातातच. पण या वेळी दिव्यांबरोबर पाण्याचा पंप गेला होता, आणि भट्टीत भुसा ठासून भरलेला, जळता. दिवे परत आले, पंप आला नाही. भोंगा वाजला. आम्ही सगळे दगड झालो. भोंगा म्हणजे उणे साठ. ड्रममधलं पाणी उतरत होतं. एका क्षणात साठ माना शेषरावांकडे वळल्या.

शेषराव ताट धरून बसलेले. मावशी पळी घेऊन समोर. त्यांनी ताट खाली ठेवलं. साहेब भाषणाचा कागद हातात तसाच धरून दाराकडे निघाले.

"बसा साहेब," शेषराव म्हणाले.

"अहो, पण..."

"बसा."

मग एकाएकी भट्टीच्या पंख्यांची घरघर थांबली. पडद्यानं आपलं काम केलं होतं. उणे शंभर आलं आणि भुसा बंद, पंखे बंद. इतकी शांतता मी त्या प्लांटमध्ये कधी ऐकली नव्हती. शेषराव मान तिरकी करून बसले. त्यांच्या त्या तरुण भुवया किंचित वर गेलेल्या. ते वाट पाहत होते. आता वर कुणी चढलंय का, काचेत पाणी खरंच आहे का, हे सांगायला भोंगाही नव्हता आणि पडदाही. कोणी सांगितल्याशिवाय हे कळणार नव्हतं, आणि ते सांगायला माणूस वर जायला हवा होता. किती वेळ गेला? मी म्हणेन अर्धा तास. घड्याळवाले म्हणतील अर्धा मिनिट.

मग वरून, लांबून, अफसरचा आवाज आला:

"उणे शंभर! काच में है! हिल रहा है!"

आणि लगेच खालून, पॅनेल रूमच्या खिडकीतून, दिनकरचा:

"उणे शंभर!"

शेषरावांनी ताट उचललं.

"वाढा मावशी," ते म्हणाले. "वरण जरा जास्त."

जेवण झाल्यावर ते बॉयलर हाऊसकडे गेले नाहीत. दिनकर, अफसर धावत आले, पाया पडले. त्यांच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला, बस. मला वाटलं, शेवटचं एकदा वर चढतील, काच पाहून येतील. तसं मी विचारलंही. ते म्हणाले, "पाहाले दोघं हायेत ना वर-खाली. तिसरा काहून पायजे?" आणि शाल खांद्यावर टाकून गावाकडं नेणाऱ्या चारच्या मालेगावच्या एसटीकडे चालू लागले. गाडी आली. मी गेटवरून पाहत होतो. ते चढले आणि डाव्या बाजूच्या खिडकीत बसले. आमच्या बॉयलरची चिमणी त्या गाडीच्या उजव्या बाजूला होती.